आत्यानं न शिवलेला रांजण

राहेलआत्या गेल्याची बातमी मला शाळेच्या फाटकाशी मिळाली. पहिली घंटा होऊन मुली ओळीत उभ्या राहिल्या होत्या आणि फाटकाबाहेर कडुलिंबाखाली सखाराम उभा होता. सखाराम हा आत्याच्या गावच्या पाटलांचा गडी. सुप्याहून नगरला येणारी सकाळची सर्व्हिस मोटार गाठून तो आला होता, पण आत निरोप न पाठवता, कुणाचं तरी लक्ष जाईल म्हणून नुसताच थांबला होता. मी बाहेर गेले. "मास्तरीनबाई गेल्या पहाटं," तो म्हणाला. मला अशा वेळी बोलता येत नाही. त्यानं जरा वाट पाहिली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि विचारलं, "ताई, त्या रांजनाचं काय करायचं मंग? भरत जाऊ का बंद करू?"

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी असा राग आला की हातातला खडू मोडला. आत्याला अजून मातीही दिली नव्हती आणि या माणसाला रांजणाची पडली होती. त्याला उत्तर न देता मी आत गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंकडून रजा घेतली. पण नंतरच्या दिवसांत लक्षात आलं की मलाही त्या रांजणाचीच पडली होती. कितीतरी वर्षं मी त्याच्याशी भांडत आले होते... आणि त्याच्यावरून आत्याशी.

माणूस गेलं की त्याच्याविषयी गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत तर जरा जास्तच. स्मरणाच्या उपासनेत आत्या प्रेमाची मूर्ती झाली, नम्रतेची ज्योत झाली. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या बाईबरोबर एक उन्हाळ्याची सुट्टी काढून बघा, मग बोला. ती हट्टी होती. तुमचं बोलणं संपायच्या आत तिचा हात तुमच्या खांद्यावर यायचा आणि तुम्ही काय म्हणत होता ते तुम्हीच विसरायचा. भांडण करू द्यायची नाही. राग आलेल्या माणसाला राग धरून बसू द्यायला हवं, हे तिला कधी समजलंच नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान सुप्यापासून तीन-चार मैल आत असलेल्या गावात मिशनच्या शाळेचे मास्तर होते, म्हणून गाव तिला मास्तरीणबाई म्हणे. आमची दोन्ही घराणी पणजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झाली. त्याआधी घरं गावकुसाबाहेर होती. पुढे देव बदलला, नावं बदलली, मुलं शाळेत गेली, कुणी नगरला नोकरीला लागली. घरं मात्र गावकुसाबाहेरच राहिली. मास्तर गेले, पाठोपाठ शाळा बंद पडली, तरी आत्या तिथेच राहिली. मिशननं तिला नगरला बोलावलं, वडिलांनी किती वेळा बोलावलं. ती म्हणायची, "तिकडं नगरात डॉक्टर आहेत, नर्सा आहेत. इथं कोण आहे?" ती बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, रविवारी सकाळी आपल्या घरातच पाचदहा माणसांची उपासना घ्यायची, आणि दुखण्याखुपण्याला येईल त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करायची.

मला वडिलांनी लहानपणीच पुण्याला बोर्डिंगात घातलं. तिथे सगळं इंग्रजीत चालायचं, आणि तिथली पहिली शिकवण म्हणजे दुसऱ्या मुलीपासून एका हाताच्या अंतरावर उभं राहणं. मला ते अंतर फार आवडलं. मी मुळातच अंग चोरणारी; तिथे त्या अंग चोरण्याला शिस्त म्हणत. सुट्टीत आत्याकडे गेले की उंबऱ्यातच ती माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरायची आणि तसंच धरून गाडीत त्रास झाला का, जेवलीस का, वाळलीस का, असे सगळे प्रश्न विचारायची. मी ताठ उभी राहायची. "मडमांनी लाकडाची करून पाठवली गं पोर," असं ती शेजारणीला सांगायची, माझ्यासमोरच, आणि तोंड सोडायची नाही.

तिचे हात गरम असायचे. पंचक्रोशीत त्याची ख्याती होती. "बाईंच्या हाताला ऊब हाय," बायका एकमेकींना सांगायच्या. कुणी त्याला देवाची देणगी म्हणे, कुणी आणखी काही. मला त्यामागचं कारण ठाऊक होतं. आत्याकडे एक पांढरा चिनी मातीचा कप होता, त्याचा कान कधीच तुटलेला. त्यात ती गुळाचा कोरा चहा घ्यायची, आणि कान नसल्यामुळे तो दोन्ही हातांनी धरायला लागायचा. अंगणात कुणी आजारी माणूस आलेलं दिसलं की ती आधी चुलीवर चहा टाकायची, कप हातांत धरून बसायची आणि मग बाहेर जायची. हे मी एकदा तिला अगदी चोरी पकडल्यासारखं सांगितलं. म्हटलं, लोकांना वाटतं तुझ्या हातात काही आहे, आणि तो नुसता चहा आहे. ती म्हणाली, "मग? तापानं फणफणलेल्या, भ्यालेल्या माणसाच्या अंगाला गार हात लावू? देव काय ते करील, तोवर मी माझे हात तरी ऊन करते." बरं, तिला विचारलं की तुझ्या हातानं कोणी बरं होतं का, तर सरळ सांगायची, मी कशाला बरं करते, ते त्याचं काम. खरा ताप, खरी गाठ, अडलेली बाळंतीण दिसली की ती गाडी जुंपायला लावून नगरच्या दवाखान्यात पाठवायची, आणि गाडीत बसवताना पुन्हा डोक्यावर हात ठेवायची. म्हणजे तिला भोंदू म्हणावं अशीही सोय नव्हती.

आता तो रांजण. पाटलीणबाईंचा धाकटा मुलगा लढाईच्या सुरुवातीलाच पलटणीत गेला. ब्रह्मदेशाकडे गेल्याचं कळलं आणि पुढे काहीच कळलं नाही. मेल्याचं नाही, जिवंत असल्याचं नाही. तेव्हापासून पाटलीणबाईंची अर्धशिशी सुरू झाली. डोकं उठलं की दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या. लेप झाले, अंगारे झाले, नगरच्या डॉक्टरांच्या पुड्या झाल्या. मग एका रविवारी दुपारी त्या आत्याच्या अंगणात आल्या, म्हणे भोपळ्याचा वेल कसा आलाय बघायला. आत्यानं त्यांना ओट्यावर बसवलं, पाठमोरं. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ तो उचलला नाही... त्या दिवशी डोकं उतरलं म्हणे. पुढच्या रविवारी त्या पुन्हा वेल बघायला आल्या.

पण आमच्या आत्यानं शिवल्यावर तसंच घरी कसं जायचं? घरात देव, सोवळं, सासूबाई. वाटेत लोक. म्हणून पाटलीणबाईंनीच तोड काढली. आत्याच्या अंगणात, बाभळीच्या सावलीला, एक रांजण आणून पुरला. सखारामनं रोज त्यांच्या विहिरीचं पाणी आणून तो भरायचा. आत्याचा हात उचलला गेला की पाटलीणबाई उठायच्या, रांजणातून तांब्याभर पाणी घ्यायच्या आणि हात, पाय, तोंड आणि कपाळ धुवायच्या. कपाळावर नेमकं जिथे आत्याचा तळवा टेकलेला होता तिथे त्या दोनदा पाणी लावायच्या. मी हे ओट्यावर बसून, पुस्तक डोळ्यांसमोर धरून, किती वेळा पाहिलंय. मग त्यांचं बघून गावातल्या इतरही बायका येऊ लागल्या. आधी आत्याचा हात, मग रांजणाचं पाणी, असा तो शिरस्ताच पडून गेला.

आणि त्या रांजणाला आत्यानं हात लावायचा नाही. तिनं शिवलं की पाणी बाटलं आणि धुण्यात अर्थ उरला नाही. तिच्या स्वतःच्या अंगणात, तिच्या दारासमोर, पाण्यानं भरलेला रांजण, आणि ही बाई उन्हाळ्यात ओढ्यातल्या झिऱ्यावर तासन्‌तास बसून वाटीवाटीनं घागर भरायची. रांजणाला वळसा घालून डोक्यावर घागर घेऊन घरात यायची. तिला राग येत नसे. हेच मला सहन व्हायचं नाही. जिनं गावातल्या खरजेच्या पोरांना, महारोग झालेल्या म्हाताऱ्याला, कुणाकुणाला हात लावला, तिनं या एका मातीच्या भांड्याला हात लावू नये!

तेव्हा मी चौदा वर्षांची असेन. वैशाखातली दुपार होती, झिरा आटला होता, आत्या लांबच्या विहिरीवर आमच्या वाटणीचं पाणी कुणी घालील म्हणून थांबायला गेली होती. मी उठले, घरातला पितळी पेला घेतला, रांजणात बुडवला आणि गटागटा प्यायले. पाणी इतकं गार होतं की दातांना कळ लागली. आत्या आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. लपवायचं नव्हतंच मला. मला आजही वाटतं की मी केलं ते बरोबर होतं.

आत्यानं घागर उतरवली, घाम पुसला आणि म्हणाली, "बरं केलंस प्यायलीस ते. पण आता सखारामला सांगायला हवं."

मी म्हटलं, कशाला? कुणी पाहिलं नाही. ती म्हणाली, "ती बाई विश्वासानं येते गं माझ्याकडं. तिला वाटतं ते पाणी चोख आहे. तिला फसवून तिच्या कपाळावर हात ठेवू होय?" आणि तिनं खरोखरच सांगितलं. धातूचं भांडं घासून-तापवून शुद्ध करता येतं, मातीचं बाटलं की फोडावंच लागतं. संध्याकाळी सखारामनं कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं रांजण फोडला. आम्ही दिवसभर ज्या पाण्यासाठी वाट पाहिली असती तेवढं पाणी अंगणभर पसरलं आणि भोपळ्याच्या आळ्यात गेलं. आत्या बघत उभी होती. सखाराम गेल्यावर तिनं खापरांतला बुडखा, रांजणाचा अख्खा राहिलेला तळ, उचलला, नीट धुतला आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला परसात नेला. "फुटलं की बाटत नाही," ती म्हणाली, "आता वापरायला हरकत नाही." मी रडत होते. ती माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरायला आली तेव्हा मी तिचे हात झटकले.

पाटलीणबाई त्यानंतर दोन महिने आल्या नाहीत. रविवारी दुपारी आत्या उगीचच अंगणात घुटमळायची. चहा टाकायची, कप हातांत धरायची आणि गार झाला की पिऊन टाकायची. मग एके दिवशी सखाराम नवा रांजण बैलगाडीतून घेऊन आला. उतरवताना त्याच्या काठाचा टवका उडाला, चांगला बोटभर. आणि त्या रविवारी पाटलीणबाई वेल बघायला आल्या. वेल तर तोवर वाळून गेला होता.

हात ठेवण्यावरून आमच्या माणसांनीही आत्याला कमी छळलं नाही. मंडळीचे पाळकसाहेब महिन्याकाठी सायकलवरून यायचे. त्यांचं म्हणणं असं की हात ठेवण्याचा अधिकार दीक्षित सेवकांचा, बाईमाणसानं प्रार्थना दुरून करावी. शिवाय लोक हाताच्या नादी लागतात आणि प्रभू बाजूला राहतो. आत्या त्यांना सलाम करायची, भाकरी वाढायची, ऐकून घ्यायची. एकदाच बोलली. म्हणाली, "साहेब, शास्त्रात पेत्राच्या सासूला ताप आला होता तेव्हा प्रभूनं काय केलं? हात धरला तिचा. आणि ती उठून सगळ्यांना वाढायला लागली. आता बघा, बाईमाणूस तापातून उठलं की वाढायलाच लागणार, हे त्याला ठाऊक होतं. निदान आधी कुणी हात तरी धरावा की नको?" पाळकसाहेब हसले आणि भाकरीचा दुसरा चतकोर मागून घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच म्हणाले.

ती माझ्याशी मात्र एकदा नीट बोलली होती. मी मॅट्रिक होऊन नगरला शाळेत लागले त्या वर्षीची गोष्ट. मी म्हटलं, प्रभू दुरून नुसत्या शब्दानं बरं करू शकत होता, मग हात लावायचं काय कारण? ती तांदूळ निवडत होती, त्यातला एक खडा तिनं काढून टाकला. मग म्हणाली, "ज्यांना त्यानं हात लावला, त्यांना दुसरं कोणी लावत नव्हतं. मला तरी एवढंच कळतं. पाटलीणबाईचं घे. एवढं मोठं खटलं. सुना, पुतणे, गडीमाणसं... सगळे पायाला हात लावतात. डोक्याला कोण लावतं?"

"आणि तुला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "उद्या तू पडलीस तर यातलं कोण तुला हात लावायला येणार आहे? एक माणूस सांग."

ती हसली. "तू आहेस की," म्हणाली. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं की मला हात लावता येत नाही. मी तिथून उठून गेले.

यंदा नाताळच्या आधी ती पडली. छातीत पाणी झालं होतं. नाताळच्या सुट्टीत मी आणि वडील तिच्याजवळ जाऊन राहिलो. नगरला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर आज नको, रविवार होऊ दे, सण होऊ दे, असं तिचं चाललेलं. आणि मला जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसायला लागलं. रोज सकाळपासून अंगणात माणसं यायची. जिच्या जिच्या पोराच्या डोक्यावर आत्याचा हात पडला होता ती प्रत्येक आई आली असेल. कुणी दूध आणलं, कुणी हुरडा, कुणी जिवंत कोंबडी पाय बांधून. सगळं ओट्याच्या कडेला ठेवायचं आणि दोन पावलं मागे सरून विचारायचं, "कसं हाय मास्तरीनबाईस्नी?" मग आपापसांत म्हणायचं, व्हय व्हय, लई चांगली बाई. उंबरा कुणी ओलांडला नाही. मी दूध उचलून आत आणायची आणि मनात म्हणायची, बघ आत्या. मी म्हटलं नव्हतं?

मी तिचे पाय दाबायचा प्रयत्न केला. मला जमेना, कुठे किती जोर लावायचा कळेना. आत्या म्हणाली, "कणीक मळतेस का गं?" वडील हसले आणि बाहेर जाऊन बसले. ते डोळे पुसायला गेले होते हे मला दिसत होतं.

सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी पाटलीणबाई आल्या. मला वाटलं, यांचं डोकं उठलं असणार. मरणाच्या दारात असलेल्या बाईकडूनही हात ठेवून घ्यायला आल्या! मी दारात आडवी झाले, त्यांना सांगायला की आज होणार नाही, तिला हात उचलवत नाही. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. बाभळीखाली गेल्या, तांब्या घेतला आणि रांजणातल्या पाण्यानं हात धुवायला लागल्या. कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, पदराला पुसले. बाळंतिणीच्या खोलीत जाताना धुतात तसे. मग दाराशी येऊन मला म्हणाल्या, "सरक गं बाय जरा." आणि त्या आत आल्या.

आत्या डोळे मिटून पडली होती. पाटलीणबाई जमिनीवर बसल्या, तिच्या उशाशी, आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

"हात गार आहेत तुमचे," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

"रांजनातलं पानी गारच असतंय. थांबा." त्यांनी दोन्ही हात काखेत धरले, तशाच बसून राहिल्या, मग पुन्हा ठेवले. "आता?"

"आता बरं."

त्या किती वेळ बसल्या ते मी पाहिलं नाही. मी चुलीपाशी होते. एकदा आत्याचा आवाज आला, प्रार्थना म्हणताना यायचा तसा, अगदी पुटपुटता, आणि त्यात पाटलीणबाईंच्या त्या मुलाचं नाव होतं. उठताना पाटलीणबाईंनी आत्याच्या अंगावरची वाकळ नीट केली. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. मला बघायचं होतं. त्या बाभळीखाली थांबल्या, क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या... आणि वाकून तांब्या भरला, आणि हात धुतले.

मी आत आले तेव्हा माझा चेहरा आत्यानं पाहिला असणार. "धुतले का तिनं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, धुतले. सवयीप्रमाणे. ती हसली; हसताना तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "पण आज आधीपण धुतले. पाण्याचा आवाज ऐकला मी." जणू काही फार मोठी मजल मारली होती कुणी. एवढ्याशावर समाधान मानणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात खाट मिळते का बघायला नगरला आले. शाळाही सुरू झाली होती. आणि मग तो कडुलिंबाखालचा सखाराम. शेवटी वडील तिच्याजवळ होते, हात धरून. त्यांनी मला नंतर सांगितलं की तिचे हात गार पडायला लागले तेव्हा ते चुलीवर चहा टाकायला उठले होते... त्यांनाही चहाचं ठाऊक होतं तर.

मातीनंतर आठवड्यानं मी तिचं घर आवरायला गेले. आवरण्यासारखं फार नव्हतंच. शेजारणीनं कोंबड्या सांभाळायचं कबूल केलं. रविवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं. दुपारी बाहेर चाहूल लागली. पाटलीणबाई ओट्यावर बसल्या होत्या, नेहमीच्या जागी, नेहमीसारख्या पाठमोऱ्या. मागे सखाराम. चेहरा न बघताही कळत होतं की डोकं उठलंय. मान एका बाजूला कलली होती. त्या कशाला आल्यात ते मला समजलं. मी म्हटलं, "मला नाही येत ते."

"त्यास्नीबी कुठं येत हुतं," त्या म्हणाल्या. "त्याच म्हनायच्या, मी काय करती, वरचा करतो."

मला चीड आली. गेलेल्या बाईची वाक्यं हे लोक मला ऐकवणार! पण डोकं धरून बसलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? मी आत गेले, चूल पेटवली, गुळाचा चहा टाकला आणि कान तुटलेला कप दोन्ही हातांत धरून बसले. चटके बसले तरी सोडला नाही. मग बाहेर जाऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला. प्रार्थना मला इंग्रजीतली पाठ आहे, तीच मनातल्या मनात म्हटली. त्यांच्या कपाळाची एक शीर माझ्या तळव्याखाली थडथडत होती. मी आयुष्यात कुणाच्या इतकी जवळ उभी राहिले नव्हते. हळूहळू ती शीर मंद झाली, की माझा हात निवला, मला सांगता येणार नाही.

त्या उठल्या, बाभळीखाली गेल्या आणि कपाळ धुतलं. दोनदा.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी घरातून तो पितळी पेला आणला, त्यांच्यादेखत रांजणात बुडवला आणि प्यायले. सखारामकडे वळून म्हटलं, "तू विचारत होतास ना रांजणाचं काय करायचं? भरत जा. मी महिन्यातून एका रविवारी येणार आहे, कुणाला यायचं असेल त्यानं यावं. पण मी यातलंच पाणी पिणार आहे, आजही आणि पुढेही. झिऱ्यावर जाणार नाही. हे चालत नसेल तर आत्ताच फोडून टाक." सखारामनं पाटलीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि निघून गेल्या. तोही गेला.

मागच्या रविवारी मी पुन्हा गेले. सुप्यापासून बैलगाडीत बसून येताना मनात सगळी तयारी केली होती: अंगणात खापरं पडलेली असतील, किंवा रांजण उकरून कुंपणाबाहेर हलवलेला असेल, किंवा खड्डा. काय बोलायचं ते ठरवलं होतं. अंगणात शिरले तर बाभळीखाली रांजण होता. मी जवळ जाऊन काठ पाहिला. बोटभर टवका. तोच रांजण होता. तोंडाला पांढरं धुवट फडकं बांधलेलं होतं आणि त्यावर तांब्या पालथा. सखाराम मागून आला, खांद्यावरची घागर उतरवत म्हणाला, "पाटलीनबाई म्हनल्या, ताईला सांग, पानी गाळून भरलंय."

हात-पाय धुवायचं पाणी कुणी गाळत नाही. गाळतात ते प्यायचं.

मी पेला भरून प्यायले. नेहमीसारखंच गार होतं. मग पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही की आत जाऊन आत्याला सांगावं... आणि तिथेच उभी राहिले. आता या रांजणाला शिवायला तिला कुणाची हरकत उरली नव्हती, आणि आता ती नाही. एवढी घाई कसली होती तिला? ज्या बाईनं साऱ्या गावासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, तिला आणखी महिनाभर थांबता आलं नसतं का? मला तिचा अजूनही राग येतो.

दुपारी पाटलीणबाई येणार होत्या. मी चूल पेटवली. चहा उकळेपर्यंत परसात गेले, तर कोंबड्यांचं पाणी संपलेलं. पुन्हा अंगणात येऊन मी नव्या रांजणातून पेलाभर पाणी घेतलं आणि जुन्या, फोडलेल्या रांजणाच्या बुडख्यात ओतलं.